मनगटावरचा निरोप आणि त्याचा पत्ता

स्मार्टवॉचचा इतिहास सहसा लहान लहान होत गेलेल्या सुट्या भागांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: रेडिओ आक्रसला, बॅटरी चपटी झाली, पडदा उजळला आणि खिशातले यंत्र मनगटावर चढले. हे कथन खोटे नाही. पण जोडीचा फोन जवळ नसताना घड्याळाला मेसेज कसा मिळतो, या प्रश्नाशी ते येऊन अडखळते, कारण त्या प्रश्नाचा संबंध आकारापेक्षा पत्त्याशी अधिक आहे. निरोप पाठवणारा जो क्रमांक दाबतो तो नेमका कोणाचा, माणसाचा, सिमकार्डाचा, खिशातल्या फोनचा की मनगटावरच्या घड्याळाचा, याचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांच्या ओघात असेही घडले की, १९९० साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात विकले गेलेले एक घड्याळ निरोप स्वीकारण्याच्या बाबतीत २०१७ सालच्या कितीतरी प्रगत घड्याळापेक्षा अधिक स्वतंत्र ठरावे.

मनगटावरच्या रेडिओची कल्पना सर्वसामान्यांच्या मनात रुजवली ती एका वृत्तपत्रीय चित्रमालिकेने. चेस्टर गोल्ड या अमेरिकी चित्रकाराच्या ‘डिक ट्रेसी’ या मालिकेतील पोलिसी गुप्तहेराच्या मनगटावर १३ जानेवारी १९४६ रोजी दुतर्फा बोलता येणारा रेडिओ प्रथम दिसला, आणि अल ग्रॉस या संशोधकाकडे गोल्डने पाहिलेली छोटी रेडिओयंत्रे ही त्यामागची प्रेरणा होती. याच ग्रॉसने १९४९ साली खिशात बाळगता येईल अशा सूचनायंत्राचे, म्हणजे पुढे ज्याला पेजर म्हटले गेले त्याचे, पेटंट घेतले आणि १९५० साली न्यूयॉर्कमधील ज्यूइश हॉस्पिटलात ते वापरात आले. ज्या डॉक्टरांसाठी हे यंत्र बनवले होते त्यांचेच स्वागत मात्र थंडे होते. यंत्राच्या आवाजाने रुग्ण बिथरतील आणि आपल्या गोल्फच्या खेळात व्यत्यय येईल, अशा तक्रारी त्यांनी केल्याचे ग्रॉस पुढे सांगत असे. कोठेही गाठले जाण्याविषयीची नाराजी ही कोठेही गाठणाऱ्या यंत्राइतकीच जुनी आहे, एवढे यावरून दिसते.

पेजरचे तत्त्व साधे होते. प्रक्षेपक सगळ्या शहरावर एकच संकेत सोडतो, तो त्या कंपनीच्या सर्व ग्राहकांच्या यंत्रांना सारखाच ऐकू येतो, परंतु ज्या यंत्राचा सांकेतिक क्रमांक त्या संकेतात असेल तेवढेच यंत्र जागे होऊन वाजते. ग्राहक शहराच्या कोणत्या भागात आहे हे कंपनीला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. त्याचप्रमाणे निरोप पोहोचला की नाही हेही तिला कळत नाही, कारण यंत्राला फक्त ऐकता येते, उत्तर देता येत नाही. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने नेमलेल्या तज्ज्ञगटाने घडवलेली आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेलेली ‘पॉक्सॅग’ ही संकेतपद्धती या तत्त्वाचे सर्वांत नेटके रूप मानता येईल. तिच्यात सेकंदाला ५१२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशी ५१२ चिन्हे, पाठवली जात आणि त्यांचे गट पाडलेले असत. प्रत्येक गटाच्या आरंभी ताळमेळासाठी ३२ बिटांचा एक ठरावीक शब्द येई आणि त्यामागून ६४ बिटांचे ८ कप्पे येत. कोणत्या पेजरसाठीचा निरोप कोणत्या कप्प्यात यायचा हे त्या पेजरच्या क्रमांकावरूनच ठरलेले असल्याने, ताळमेळाचा शब्द ऐकून झाला की पेजर आपल्या कप्प्याची वेळ येईपर्यंत निजून राही, सेकंदाचा एक अष्टमांश भाग कान टवकारून ऐके आणि आपले नाव निघाले नाही तर पुन्हा निजे. एका लहानशा बॅटरीवर पेजर कित्येक आठवडे चाले तो या शिस्तीमुळे. आणि पुढे मनगटावर रेडिओ बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाला हीच शिस्त कोणत्या ना कोणत्या रूपात उसनी घ्यावी लागली.

भारतात पेजरसेवा १९९५ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे मोबाइल फोनच्या अगदी बरोबरीने, आणि म्हणूनच तिला फार आयुष्य लाभले नाही. मुंबई-पुण्यातील डॉक्टर, शेअर दलाल, विक्री प्रतिनिधी यांच्या कमरेला काही वर्षे पेजर दिसे. निरोप देणारा पेजिंग कंपनीच्या केंद्राला दूरध्वनी करी, ग्राहकाचा पेजर क्रमांक सांगे आणि निरोप तोंडी देई. केंद्रातील कर्मचारी तो संगणकावर टंकित करी, बहुतेक वेळा रोमन लिपीत, आणि मग तो हवेत सोडला जाई. घरगुती निरोपही अशा रीतीने एका अनोळखी माणसाच्या कानावरून आणि बोटांखालून जात असे, परंतु तारेच्या मजकुराची सवय असलेल्या समाजाला त्यात फारसे वावगे वाटले नाही. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर मोबाइलचे दर उतरू लागले आणि पेजर मागे पडला.

पेजर मनगटावर आणण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न म्हणजे एटी अँड ई या अमेरिकी कंपनीने जपानच्या सेइकोच्या साहाय्याने घडवलेले ‘रिसेप्टर’ हे घड्याळ. ते १९९० साली ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे विक्रीस आले. त्याच्यासाठी कंपनीने नवे मनोरे उभारले नाहीत. शहरात आधीच चालू असलेल्या एफएम रेडिओ केंद्रांच्या प्रक्षेपणातील रिकामी जागा तिने भाड्याने घेतली. एफएम केंद्र जे गाणे वा बातम्या ऐकवते त्यांना लागणारी कंप्रतेची जागा साधारण ५३ किलोहर्ट्झपर्यंत संपते आणि तिच्या वरच्या भागात आणखी एखादी दुय्यम लहर बसवता येते, जी सामान्य रेडिओला ऐकू येत नाही. या लहरीला उपवाहक म्हणतात. रिसेप्टरचे निरोप साधारण ६६ किलोहर्ट्झच्या आसपासच्या अशाच उपवाहकावरून जात. घड्याळाचा अँटेना पट्ट्यात दडवलेला होता. घड्याळाने सतत ऐकत राहायचे नाही, तर काही मिनिटांतून एकदा आपल्याला नेमून दिलेल्या क्षणी कान उघडायचे, ही पेजरचीच शिस्त येथे अधिक ताणलेली होती, आणि त्यामुळेच घड्याळात बसेल एवढ्या इवल्या बॅटरीवर ते चालू शके. प्रत्येक घड्याळाला स्वतःचा दूरध्वनी क्रमांक असे. निरोप देणाऱ्याने तो फिरवून आपला क्रमांक दाबला की थोड्या वेळाने तो घड्याळाच्या पडद्यावर उमटे, किंवा घरी फोन करावा, कार्यालयात फोन करावा अशा अर्थाची ठरावीक खूण उमटे. हवामानासारखी माहितीही येई, आणि त्याच लहरीवरून घड्याळ स्वतःची वेळ दुरुस्त करून घेई. एटी अँड ई थोड्याच काळात दिवाळखोरीत गेली, सेइकोने ‘मेसेजवॉच’ या नावाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही शहरांत ही सेवा पुढे चालवली आणि नव्वदचे दशक सरता सरता ती बंद झाली.

हे अपयश व्यापारी होते. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर रिसेप्टरची एक बाजू अतिशय भक्कम होती, ती म्हणजे त्याला कोणत्याही दुसऱ्या यंत्राची गरज नव्हती. त्याचा पत्ता त्याचा स्वतःचा होता आणि निरोप थेट त्याच्याकडे येई.

मायक्रोसॉफ्टने याच वाटेवर आणखी एकदा पाऊल टाकले. बिल गेट्स यांनी जानेवारी २००३ मध्ये लास वेगास येथील प्रदर्शनात मांडलेली आणि पुढच्या वर्षी फॉसिल व सुउन्तो या कंपन्यांनी बाजारात आणलेली ‘स्पॉट’ घड्याळेही एफएमच्या उपवाहकावरच चालत. वर्षाला ५९ डॉलर वर्गणी भरणाऱ्याला बातम्या, हवामान, शेअरचे भाव आणि मायक्रोसॉफ्टच्या मेसेंजरवरून पाठवलेले छोटे निरोप मनगटावर मिळत. उत्तर मात्र देता येत नसे. १ जानेवारी २०१२ रोजी ही सेवा बंद झाली तोवर ज्या जगासाठी ती आखली होती ते जग उरले नव्हते, कारण दरम्यान लेखी निरोप हा सर्वस्वी मोबाइल फोनचा विषय बनला होता.

मोबाइलवरचा लेखी निरोप, म्हणजे एसएमएस, याची रचना पेजरच्या अगदी उलट आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास युरोपातील जीएसएम या सामाईक मोबाइल पद्धतीची आखणी चालू असताना जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलब्रांड आणि फ्रान्सचे बर्नार गिलेबेर यांनी ती कल्पना विकसित केली. फोन आणि मनोरा यांच्यात कॉल जुळवण्यासाठी जी संकेतांची देवाणघेवाण होते तिच्या वाहिनीत अधूनमधून मोकळा वेळ असतो, त्या फटीतून १४० बाइटचा मजकूर ढकलावा, असा हा काटकसरी विचार होता. इतक्या जागेत रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात, देवनागरीला दुपटीहून अधिक जागा लागत असल्याने सामान्यतः ७०, आणि त्यातही काना, मात्रा, हलन्त हे स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे ‘नमस्कार’ या चार अक्षरी शब्दालाच ७ जागा खर्ची पडतात. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

पेजरचे केंद्र निरोप साऱ्या शहरावर उधळून मोकळे होते. एसएमएसला मात्र ग्राहक नेमका कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. पाठवलेला निरोप प्रथम कंपनीच्या संदेश-केंद्रात येऊन थांबतो. तेथून ‘होम लोकेशन रजिस्टर’ नावाच्या मध्यवर्ती नोंदवहीला विचारणा होते की हा दूरध्वनी क्रमांक कोणत्या सिमकार्डाचा आहे आणि ते कार्ड या क्षणी कोणत्या भागातील यंत्रणेकडे हजर आहे. कार्ड हजर असेल तर निरोप तिकडे रवाना होतो आणि पोहोच परत येते. फोन बंद असेल तर संदेश-केंद्र निरोप राखून ठेवते, नोंदवहीत त्या ग्राहकाच्या नावापुढे निरोप खोळंबल्याची खूण केली जाते, आणि फोन पुन्हा चालू होऊन त्याने आपली हजेरी लावली की नोंदवही संदेश-केंद्राला कळवते. गावी जाऊन दोन दिवसांनी फोन चालू केल्यावर मेसेजांची रांग येते ती या व्यवस्थेमुळे. मात्र या साऱ्या यंत्रणेत एक गृहीतक खोलवर मुरलेले आहे: एक क्रमांक, एक कार्ड, एक हजेरी. एकाच क्रमांकाची दोन यंत्रे एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असू शकतील, असा प्रश्नच १९८० च्या दशकात कोणाला पडला नव्हता, आणि तो न पडण्यात चूक म्हणावे असे काही नव्हते.

या गृहीतकातून घड्याळापुढे दोनच वाटा उरत होत्या. पहिली वाट म्हणजे घड्याळानेच पुरता फोन व्हावे, स्वतःचे कार्ड आणि स्वतःचा क्रमांक घ्यावा. सॅमसंगने १९९९ मध्ये, एलजीने २००९ मध्ये आणि पुन्हा सॅमसंगने २०१४ मध्ये ‘गिअर एस’ या नावाने अशी घड्याळे काढली. ती चालत, परंतु माणसाच्या ओळखीच्यांना त्याचा एकच क्रमांक पाठ असतो आणि तो फोनचा असतो. घड्याळाचा दुसरा क्रमांक साऱ्यांना कळवत बसण्याची हौस फार थोड्यांना होती. कॉल एका क्रमांकावरून दुसऱ्यावर वळवण्याची सोय मोबाइल कंपन्यांकडे पूर्वीपासून होती, पण एसएमएस वळवण्याची तशी सर्वमान्य सोय नव्हती, त्यामुळे लेखी निरोपाची अडचण बोलण्याच्या अडचणीपेक्षा मोठी राहिली.

दुसरी वाट म्हणजे घड्याळाने फोनचा आश्रित व्हावे. ब्लूटूथ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओपद्धतीने ते शक्य केले. सोनी एरिक्सनने २००६ मध्ये फॉसिलकडून बनवून घेतलेले काट्यांचे घड्याळ फोन वाजला की थरथरे आणि कोणाचा फोन आहे ते एका चिंचोळ्या पट्टीवर दाखवी. २०१० साली ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत अत्यल्प ऊर्जेवर चालणारा प्रकार आला, आणि २०१२ च्या वसंतात एरिक मिजिकोव्स्की या तरुण अभियंत्याच्या ‘पेबल’ घड्याळासाठी सुमारे ६९,००० लोकांनी इंटरनेटवरून १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ भरली, तेव्हा या वाटेला बाजारपेठ आहे हे सर्वांना कळून चुकले. पेबलला स्वतःचा असा कोणताच पत्ता नव्हता. निरोप फोनकडे येई, फोन तो वाचून घड्याळाला सांगे. जुन्या पाकिटांवर नावाखाली ‘द्वारा’ लिहून ज्याच्या घरी उतरलो त्या गृहस्थाचे नाव घालत, तशी ही स्थिती होती. यजमान घरी नसला तर पत्र मिळण्याची आशा नाही. भारतात आज जी स्वस्त स्मार्टवॉच सर्रास दिसतात ती याच घराण्यातली आहेत. त्यांच्यावर बोलताही येत असले तरी बोलणे फोनमार्फतच होते, आणि फोन घरी ठेवून मालक चार इमारती पलीकडे गेला की ती वेळ दाखवणे आणि पावले मोजणे याखेरीज फारसे काही करू शकत नाहीत.

फोन दूर असतानाही आश्रिताला निरोप मिळावा, यासाठीची पहिली खरी तोड मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात निघाली नाही, ती इंटरनेटवर निघाली. ॲपलने ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘आयमेसेज’ सेवेत पत्त्याची कल्पनाच निराळी होती. कंपनीच्या निर्देशिकेत एखाद्या माणसाच्या क्रमांकापुढे किंवा ईमेलपुढे त्याच्या सगळ्या यंत्रांची यादी असते, प्रत्येक यंत्राची सांकेतिक किल्ली वेगळी असते, आणि पाठवणाऱ्याचा फोन एकच निरोप प्रत्येक यंत्रासाठी वेगवेगळा कुलूपबंद करून पाठवतो. येथे पत्ता कार्डाचा उरत नाही, माणसाचा होतो, मग त्याची यंत्रे कितीही असोत. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच कंपनीने आणखी एक पूल बांधला: साधा एसएमएस फोनवर आला की फोन तो इंटरनेटवरून मालकाच्या संगणकाकडे व टॅबलेटकडे पुढे धाडू लागला. एप्रिल २०१५ मध्ये ॲपलचे घड्याळ आले तेव्हा त्याला या दोन्ही सोयी आयत्या मिळाल्या. फोनने पूर्वी वापरलेले वाय-फाय घड्याळाला ओळखीचे असे; ते सापडले की ब्लूटूथच्या पल्ल्याबाहेरही निरोप येत. गूगलने त्याच महिन्यात आपल्या पद्धतीच्या घड्याळांसाठी हीच सोय जाहीर केली, म्हणजे फोन आपल्याकडच्या सूचना कंपनीच्या सर्व्हरला देणार आणि घड्याळ त्या वाय-फायवरून उचलणार. फोन शेजारी असण्याची अट गेली, पण तो कोठेतरी चालू असण्याची अट कायम राहिली.

वाय-फाय नसलेल्या रस्त्यावर काय, हा प्रश्न सुटण्यास ई-सिमची वाट पाहावी लागली. ई-सिम म्हणजे यंत्रातच कायमची जोडलेली चिप, जिच्यात मोबाइल कंपनीची ओळख दुरूनच भरता येते. काढता-घालता येणाऱ्या कार्डाची खोबण आणि तिचे झाकण यांना लागणारी जागा वाचते, आणि पाणी आत शिरण्याची एक वाट बंद होते. सॅमसंगच्या ‘गिअर एस २’ च्या एका आवृत्तीत २०१६ साली ती आली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलच्या तिसऱ्या पिढीच्या घड्याळाने तिला घरोघरी पोहोचवले. या घड्याळात मोबाइलच्या लहरींसाठी वेगळा अँटेना बसवायला जागाच नव्हती, म्हणून वेळ दाखवणारा पडदाच अँटेना म्हणून वापरण्यात आला. बॅटरी फोनच्या बॅटरीच्या साधारण दहाव्या हिश्शाची. त्यामुळे घड्याळ मोबाइलचा रेडिओ अगदी नाइलाजानेच उघडते: फोन जवळ असेल तर ब्लूटूथ, तो नसेल तर ओळखीचे वाय-फाय, आणि तेही नसेल तेव्हाच मनोरा. कप्प्याची वेळ येईपर्यंत निजून राहणाऱ्या पेजरची काटकसर येथे नव्या वेषात पुन्हा भेटते. ज्या देशातील कंपनीची जोडणी घेतली त्याच्या बाहेर त्या पहिल्या घड्याळाचा हा रेडिओ निरुपयोगी होता. परदेशात वापरण्याची सोय पुढे २०२२ साली नव्या पिढ्यांना मिळाली.

आता घड्याळाकडे स्वतःचा रेडिओ होता, स्वतःची चिप होती, मोबाइल कंपनीच्या लेखी स्वतःची नोंदही होती. मात्र ग्राहकाला दुसरा क्रमांक नको होता. म्हणून कंपन्यांनी क्रमांक वाटून घेण्याची सेवा काढली. अमेरिकेत एटी अँड टीने २०१५ मध्ये ती जाहीर केली होती. तिचा आधार म्हणजे चौथ्या पिढीच्या जाळ्यांतील ‘आयएमएस’ ही यंत्रणा, जिच्यात जगाला दिसणारी ओळख आणि यंत्राची आतली ओळख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे एका जाहीर क्रमांकाखाली दोन यंत्रे नोंदवता येतात आणि आलेला कॉल दोहोंकडे एकदम वळवता येतो. घरी फोन बंद असला तरी घड्याळ वाजते ते यामुळे.

एसएमएसचे मात्र तसे झाले नाही. आयएमएसमार्फत एसएमएस दोन्ही यंत्रांना पोहोचवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि काही कंपन्या काही घड्याळांसाठी ते करतातही. परंतु ॲपलने आपल्या घड्याळासाठी जुनाच पूल चालू ठेवला. साधा एसएमएस फोनच्या कार्डाकडे जातो, फोन तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे देतो, सर्व्हरकडून तो मोबाइलच्या जाळ्यावरून घड्याळाकडे येतो. जोडीचा फोन जवळ असण्याची गरज नाही, पण तो चालू आणि जाळ्याला जोडलेला असला पाहिजे, असे कंपनी आपल्या सूचनांत स्पष्टच सांगते. पुण्यातील धावपटू तळजाईच्या टेकडीवर आहे, फोन सदाशिव पेठेत चार्जिंगला लावलेला आहे, आणि मेसेज मनोऱ्यावरून आधी पेठेत, तेथून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर आणि तेथून टेकडीवर असा वळसा घेऊन त्याच्या मनगटाशी येतो. फोनची बॅटरी संपली तर आयमेसेज येत राहतात, कॉल वाजत राहतो आणि एसएमएस तेवढा संदेश-केंद्रात खोळंबतो. याच घड्याळाची तुलना पोर्टलंडच्या रिसेप्टरशी करावी. रिसेप्टर किती मंद, किती अल्पाक्षरी आणि मुका होता हे मान्य करूनही, निरोप घेण्यासाठी त्याला घरी दुसरे यंत्र जागे ठेवावे लागत नव्हते.

एक क्रमांक आणि एक कार्ड यांची सांगड सैल करण्याला तंत्रापेक्षाही शासनव्यवहाराचा अडसर अधिक आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनमध्ये मोबाइल जोडणीचे ॲपल घड्याळ विक्रीस आले आणि काही दिवसांतच नव्या ग्राहकांसाठी ही जोडणी थांबवली गेली. प्रत्येक ग्राहकाची खऱ्या नावाने नोंद करण्याच्या तेथील नियमात ई-सिम कसे बसवायचे, या अडचणीशी त्याचा संबंध तेव्हा जोडला गेला. भारतात एअरटेल आणि जिओ यांनी मे २०१८ मध्ये घड्याळाची ही जोडणी सुरू केली आणि त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने ई-सिमविषयीचे मार्गदर्शक नियम जाहीर केले. दरम्यान सिमकार्ड हे भारतात ओळखपत्राच्या खालोखाल येऊन बसले होते. बँकेचे कार्ड प्रत्यक्ष न दाखवता होणाऱ्या ऑनलाइन खरेदीला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून जादा खातरजमा बंधनकारक केली आणि हळूहळू ती खातरजमा म्हणजे एसएमएसने येणारा ओटीपी, हे समीकरण रूढ झाले. बँकेच्या दृष्टीने ओटीपीचे सारे मोल तो एकाच सिमकार्डाकडे जातो यात आहे. फसवणूक करणारे दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड काढून ओटीपी पळवतात तेव्हा ते याच मोलावर डल्ला मारतात. त्यामुळे तोच निरोप दुसऱ्या यंत्राकडेही आपोआप पोहोचावा, ही घड्याळ वापरणाऱ्याची साधी अपेक्षा बँकेच्या सुरक्षा विभागाला तितकी साधी वाटणार नाही, आणि त्यात बँकेचा आडमुठेपणा आहे असेही म्हणवत नाही.

मराठी घरांतील बहुतेक बोलणे-चालणे आज व्हॉट्सॲपवर होते, आणि तेथे या प्रश्नाने तिसरेच वळण घेतले आहे. ही सेवा आरंभी एसएमएसहूनही कडक होती. खाते एका फोनचे, आणि संगणकावर दिसे ते त्या फोनचे प्रतिबिंब, फोन बंद तर प्रतिबिंबही बंद. २०२१ मध्ये कंपनीने रचना बदलून प्रत्येक जोडलेल्या यंत्राला स्वतंत्र किल्ली दिली, म्हणजे आयमेसेजने दहा वर्षांपूर्वी धरलेलीच वाट धरली, आणि जुलै २०२३ मध्ये गूगलच्या पद्धतीवर चालणाऱ्या घड्याळांसाठी स्वतंत्र ॲप काढले. घड्याळावर दिसणारा आठ चिन्हांचा संकेत फोनवर एकदा भरला की घड्याळ स्वतःच्या जोडणीवरून थेट निरोप घेऊ आणि पाठवू लागते, फोन कपाटात बंद पडलेला असला तरी. मात्र मूळ फोनवर सलग १४ दिवस व्हॉट्सॲप उघडले गेले नाही तर घड्याळासह जोडलेली सगळी यंत्रे खात्यातून बाहेर काढली जातात आणि जोडणी फोन हाती घेऊन पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.